प्रत्यंत जनपदातील डोंगर आणि विनयाचे पाच नियम

विनयपिटकातील महावग्गाचा चम्मक्खन्धक हा भाग वरवर पाहता पादत्राणे व कातडी यांविषयीच्या नियमांचा संग्रह वाटतो. परंतु त्याच्या अखेरीस येणारी सोण कुटिकण्णाची कथा ही मध्यदेशाबाहेर पसरणाऱ्या भिक्खुसंघाच्या इतिहासातील मोलाची नोंद आहे.

महाकच्चान थेर त्या काळी अवंती देशात, कुररघराजवळील एका पर्वतावर राहत असत. सोण हा त्यांचा उपासक. तीनदा याचना केल्यावर त्याला प्रव्रज्या मिळाली. परंतु उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता. अवंती-दक्षिणापथात भिक्खू विरळ असल्याने दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली.

पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास श्रावस्तीला निघाला, तेव्हा थेरांनी त्याच्यामार्फत पाच विनंत्या पाठविल्या. त्यांतील एक पायांखालच्या भूमीविषयी होती. तेथील माती काळी, भूमी कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली. पावसाळ्यात उमटलेले खुरांचे ठसे उन्हात वाळून किती टोचतात, हे काळ्या मातीच्या माळावर अनवाणी चाललेल्यास सांगावे लागत नाही. म्हणून जाड तळांच्या वहाणांची अनुज्ञा मागितली गेली. मध्यदेशात गवताच्या चटया अंथरीत. अवंतीत मेंढी, बकरी व हरिण यांची कातडी वापरीत. तीही मान्य व्हावीत, तसेच नित्य स्नानास मोकळीक असावी, अशी मागणी होती. चौथी विनंती परगावी गेलेल्या भिक्खूस मिळालेल्या चीवराविषयी, तर पाचवी सर्वांत महत्त्वाची: उपसंपदेस कमी भिक्खू पुरावेत.

भगवंतांनी पाचही विनंत्या मान्य केल्या. प्रत्यंत जनपदांत विनयधरासह पाच भिक्खू पुरेसे ठरले. मात्र ही मोकळीक बेबंद नव्हती. पूर्वेस कजंगल, पश्चिमेस थूण, उत्तरेस उसीरद्धज पर्वत, दक्षिणेस सेतकण्णिक, अशा खुणा सांगून मध्यदेशाची सीमा निश्चित केली गेली.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, सीमेवरील जीवनास केंद्राच्या मापाने उणे ठरविले गेले नाही. श्रावस्तीस सोणाने अट्ठकवग्गाचे पठण केले, तेव्हा त्या प्रत्यंतवासीयाच्या स्पष्ट वाणीची भगवंतांनी प्रशंसाच केली. नियम माणसांसाठी असतात आणि माणसे ज्या भूमीवर चालतात तिच्यापासून त्यांना वेगळे करता येत नाही, हे या प्रसंगातून दिसून येते. दहांचा आग्रह कायम राहिला असता, तर दक्षिणापथातील प्रत्येक नव्या भिक्खूस सोणाप्रमाणेच वर्षानुवर्षे थांबावे लागले असते.