कॉमेंटरीचा कैवार

डीव्हीडीवरच्या ऑडिओ कॉमेंटरीला नाकं मुरडणारे लोक बहुधा चांगले प्रेक्षक असतात, हीच पंचाईत आहे. अडाणी माणसाचा आक्षेप असता तर सोडून देता आला असता. पण ही मंडळी फोन बंद करून, शेवटची नामावली सरकून संपेपर्यंत चित्रपट पाहणारी. त्यांचा पूर्वपक्ष असा: चित्रपट पुरा झाला की दिग्दर्शकाचं काम संपलं. म्हणायचं ते पडद्यावर उतरलं असेल तर वरून बोलायची गरज नाही, उतरलं नसेल तर बोलून उपयोग नाही. चित्रावर दोन तास चाललेली बडबड म्हणजे निव्वळ रसभंग, आणि ही बडबड डिस्क खपावी म्हणून कंपनीनेच करवून घेतलेली. डेव्हिड लिंच हे या पक्षाचे सगळ्यात कडवे पुढारी. त्यांनी कॉमेंटरी तर नाकारलीच, पण ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर प्रकरणंसुद्धा पाडू दिली नाहीत. पाहायचा तर पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत सलग पाहा, नाहीतर राहू द्या. स्टीव्हन स्पीलबर्गसुद्धा आपल्या चित्रपटांवर असं बोलायला बसत नाहीत.

या पक्षाला विद्यापीठांचाही आधार आहे. कवीच्या मनात काय होतं हा कवितेच्या परीक्षेचा निकष होऊ शकत नाही, असं विल्यम विम्सट आणि मन्रो बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली बजावलं. पुढे १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी तर लेखकाला मृतच घोषित करून टाकलं. मग मेलेल्या माणसाने उठून दुसऱ्या ट्रॅकवर बोलत बसावं, हे या मंडळींना कसं खपावं!

उत्तर देताना आपल्याकडचा कुणीतरी चटकन ज्ञानेश्वरी पुढे करील. दाखला मोहाचा आहे, पण इथे पुरा पडत नाही. ज्ञानेश्वर म्हणजे व्यास नव्हेत, आणि आक्षेपाचा मुख्य रोख कर्त्याने स्वतःच्याच कृतीवर केलेल्या भाष्यावर आहे. शास्त्रग्रंथांच्या परंपरेत त्याला स्वोपज्ञ टीका म्हणतात. कारिका आपणच रचायच्या आणि त्यांवरची वृत्तीही आपणच लिहायची, यात कुणाला वावगं वाटत नसे. ‘ध्वन्यालोका’तल्या कारिका आणि वृत्ती दोन्ही आनंदवर्धनांच्याच की दोन वेगळ्या माणसांच्या, यावर तर पंडितांचं अजून एकमत नाही. कर्ता आणि भाष्यकार यांच्यामधली रेघ आपण धरून चालतो तितकी ठसठशीत नसते, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

पहिली गोष्ट, हा प्रकार दिग्दर्शकांनी सुरूच केलेला नाही. क्रायटेरियन कंपनीने १९८४ मध्ये ‘किंग काँग’ची लेझरडिस्क काढली. चित्रपट १९३३ चा, त्याचा आवाज एकाच वाहिनीवर मावणारा. लेझरडिस्कवर आवाजाच्या दोन स्वतंत्र वाहिन्या होत्या, म्हणजे एक रिकामीच राहत होती. त्या रिकाम्या जागेत रोनाल्ड हेव्हर यांचं बोलणं भरलं. हेव्हर हे लॉस एंजलिसच्या कला संग्रहालयातल्या चित्रपट विभागाचे प्रमुख. जुन्या प्रती शोधणं, तुटलेले चित्रपट सांधणं हे त्यांचं काम. आदल्याच वर्षी त्यांनी १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’ची कापलेली दृश्यं हुडकून तो पुन्हा उभा केला होता. पहिली कॉमेंटरी केली ती अशा अभ्यासकाने. तेव्हा ‘कर्त्याची मक्तेदारी’ हा आरोप या प्रकाराच्या जन्मालाच लागू पडत नाही.

याच वाटेने पुढे समीक्षक रॉजर ईबर्ट गेले. २००१ मध्ये आलेल्या ‘सिटिझन केन’च्या डीव्हीडीवर त्यांची कॉमेंटरी आहे. ऑर्सन वेल्स १९८५ सालीच गेलेले, त्यामुळे इथे कर्त्याचा हेतू विचारायची सोयच नाही. ईबर्ट बोलतात ते पडद्यावर दिसतं त्याबद्दल, आणि दिसत असूनही आपण पाहत नाही त्याबद्दल. १९२९ च्या मंदीनंतर केन आपल्या वृत्तपत्रांवरचा ताबा कागदावर सही करून सोडून देतो, ते दृश्य घ्या. पुढे टेबलाशी दोन माणसं बसली आहेत, मागे भिंतीत नेहमीच्या दिसणाऱ्या खिडक्या. केन बोलत बोलत मागे चालत जातो, जातच राहतो, आणि खिडकीखाली पोचतो तेव्हा कळतं की त्या खिडक्या अवाढव्य आहेत. एवढा दांडगा माणूस तिथे पोरासारखा दिसतो. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी जवळचं आणि दूरचं सारखंच स्पष्ट ठेवल्यामुळे डोळ्याला अंतराचा अंदाजच येत नाही, आणि त्या फसगतीतून केनची घसरण दिसते. मी ‘केन’ आधी पाहिला होता; हे दृश्य ‘पाहिलं’ मात्र नव्हतं. खोल्यांना छतं दिसतात ती प्रत्यक्षात ताणून बसवलेली मलमल, आणि तिच्यावर मायक्रोफोन लपवलेले, हेही तिथलंच ज्ञान.

यात रसभंग कुठे झाला? ईबर्ट अमेरिकेतल्या बोल्डर गावी दर वर्षी एकच चित्रपट कित्येक दिवस थांबवत थांबवत दाखवत. अंधारातून कुणीही ‘थांबा’ म्हणून ओरडायचं आणि मग त्या चौकटीवर चर्चा व्हायची. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हच्या रसास्वाद वर्गांत सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ असाच उलगडून दाखवत. रसभंग झाला म्हणून त्यातून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही. शिवाय कॉमेंटरी हा वेगळा ट्रॅक असतो. तो आपण होऊन लावावा लागतो, आणि पहिल्याच भेटीत कुणी लावत नाही. ज्याला नको त्याने बटण दाबू नये, इतकं साधं आहे.

शुद्ध, निवेदनरहित चित्रपट हीच मूळ स्थिती होती, हा समजही तपासून पाहायला हवा. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून सगळा चित्रपट बोलून दाखवणारे बेन्शी असत. लोक नटाइतकेच बेन्शीच्या नावावर तिकीट काढत. अकिरा कुरोसावा यांचा थोरला भाऊ हेइगो बेन्शी होता. धाकट्याला परदेशी चित्रपटांची गोडी लागली ती बरीचशी त्याच्यामुळे. आपल्याकडच्या थिएटरांतही पाट्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे असतच. पुढे क्रायटेरियनने ‘राशोमोन’वर डोनाल्ड रिची यांना बोलतं केलं. रिची १९४७ पासून जपानमध्ये राहिलेले, कुरोसावांवर १९६५ साली पुस्तक लिहिलेले. ८८ मिनिटांचा चित्रपट आणि जन्मभराचा अभ्यास. त्यांचा तो शांत, किंचित कोरडा आवाज मला तरी कधी आगंतुक वाटला नाही.

आता आक्षेपाच्या गाभ्याकडे येऊ. कर्ता स्वतः बोलू लागला की एकच अर्थ लादला जातो, अशी भीती घातली जाते. ज्यांना ही भीती वाटते त्यांनी ‘द लायमी’ची डीव्हीडी ऐकावी. चित्रपट १९९९ चा, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग, लेखक लेम डॉब्ज. दोघांना एकत्र बसवलं, आणि पहिल्या काही मिनिटांतच डॉब्ज यांनी तक्रारींचं गाठोडं सोडलं. माझ्या पटकथेतल्या माणसांचा पूर्वेतिहास तू कापलास, पात्रं पोकळ केलीस, हा त्यांचा सूर. सोडरबर्ग काही ठिकाणी मान्य करतात, काही ठिकाणी हसून बाजू मांडतात, मध्येच चिमटाही काढतात. पडद्यावर टेरेन्स स्टॅम्प चालतो आहे, मधूनमधून केन लोच यांच्या १९६७ च्या ‘पुअर काऊ’मधला त्याचा तरुण चेहरा आठवणीसारखा येऊन जातो, आणि वरती त्या माणसाचा भूतकाळ किती सांगायचा यावर त्याला घडवणारे दोघे भांडताहेत. इथे कोणता एकच अर्थ लादला गेला? उलट, चित्रपटाला एक कर्ता असतो हीच कल्पना ऐकता ऐकता ढासळते. बार्थ यांनी जे युक्तिवादाने साधलं ते इथे दोन चिडलेल्या माणसांनी प्रात्यक्षिकासह करून दाखवलं. ऐकणारा कधी लेखकाच्या बाजूला जातो, कधी दिग्दर्शकाच्या, आणि शेवटी पुन्हा चित्रपटाकडेच जातो, कारण निवाड्याचा पुरावा तिथेच आहे.

माझं खरं म्हणणं हेच आहे. कॉमेंटरी अर्थ सांगत नाही, साक्ष देते, आणि ही साक्ष पुराव्यासमोर उभं राहून द्यावी लागते. मुलाखतीत माणूस मनाला येईल तसा उडू शकतो. इथे चित्र थांबत नाही. फुशारकी मारावी तर समोर फसलेला शॉट येतो, लांबलचक सिद्धांत मांडावा तर दृश्य बदलतं. फ्रान्सिस फोर्ड कपोला ‘गॉडफादर’वर बोलतात तेव्हा त्या थोर चित्रपटाचा थोर अर्थ सांगत बसत नाहीत. चित्रीकरण चालू असताना आपली नोकरी कधी जाईल याची त्यांना धास्ती होती, आणि ती धास्ती इतक्या वर्षांनीही आवाजातून गेलेली नाही. मार्लन ब्रँडोच्या मांडीवरचं मांजर योजलेलं नव्हतं, स्टुडिओत फिरणारं उचलून दिलं होतं, हेही आपल्याला कळतं. विम्सट-बिअर्ड्‌स्लींच्या नियमाला यातून काय धक्का लागतो? हेतूवरून कृतीची किंमत ठरवू नका, असं ते म्हणाले. कृती कशी घडली हे ऐकू नका, असं म्हणाले नव्हते.

कुणी म्हणेल की सगळ्याच कॉमेंटरी अशा एका बैठकीत होत नाहीत, काही वेगवेगळ्या मुलाखती कापून, जोडून बनवलेल्या असतात. खरं आहे, क्रायटेरियनच्याच कित्येक तशा आहेत. त्यांत जाणकारी असते, पण चित्रासमोर पकडलं गेल्याची ती गंमत उणावते. मला स्वतःला त्या दुय्यम वाटतात.

या साक्षीचा उपयोग कुणाला? शिकणाऱ्याला. पॉल टॉमस अँडरसन यांनी तर सांगून ठेवलं आहे की जॉन स्टर्जेस यांनी आपल्या १९५५ च्या ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’वर लेझरडिस्कसाठी केलेली कॉमेंटरी फिल्म स्कूलच्या वर्षानुवर्षांच्या शिक्षणाहून जास्त शिकवून जाते. स्टर्जेस काही तत्त्वज्ञ नव्हते. रुंद पडद्यावर माणसं कुठे उभी करायची, असल्या गोष्टींत हयात घालवलेला तो कसबी माणूस. ‘बूगी नाइट्स’ करणाऱ्या पोराला नेमकं तेच हवं होतं.

वाईट कॉमेंटरी असतात का? ढिगाने. नट एकमेकांची पाठ थोपटत बसतात, कुणी दृश्य पाहता पाहता गप्पच होतो. ‘कोनन द बार्बेरियन’वर अर्नोल्ड श्वार्झनेगर समोर जे दिसतं तेच सांगतात: आता मी तलवार काढतो, आता मी त्याला मारतो. (ऐकायला भलतीच मौज येते, हेही कबूल करतो.) भाष्यकार वाटेल ते फेकतात या तक्रारीची थट्टा तर कोएन बंधूंनी आधीच उरकली. ‘ब्लड सिंपल’च्या डीव्हीडीवर त्यांनी केनेथ लोरिंग नावाचा एक बनावट विद्वान बसवला, जो गंभीर आवाजात सांगतो की अमुक दृश्य नटांना उलटं टांगून घेतलं आणि तमुक कुत्रा यांत्रिक होता. ज्या प्रकाराचं विडंबन इतकं नेमकं जमतं, त्याला स्वतःची घडण असते. आणि वाईट नमुन्यांवरून प्रकार बाद करायचा, तर प्रस्तावना, मुलाखत आणि पुस्तक परीक्षण हे तीन प्रकार आधी बाद करावे लागतील.

जाहिरातीचा आरोप उरला. क्रायटेरियनने १९९१ मध्ये पहिल्या तीन बाँडपटांच्या लेझरडिस्क काढल्या. त्यांवरच्या कॉमेंटरीत चित्रपट करणाऱ्यांनी इतक्या मोकळेपणाने तोंडं उघडली होती की हक्कदार निर्मात्यांनी हरकत घेतली, डिस्क बाजारातून परत बोलावल्या गेल्या आणि नव्या प्रती कॉमेंटरी वगळून आल्या. स्वतःची जाहिरात कुणी अशी परत बोलावत नाही.

आताशा एक नवी तक्रार ऐकू येते: लोकांना हे नकोच होतं, म्हणून स्ट्रीमिंग आल्यावर ते आपोआप गेलं. हा कार्यकारणभाव उलटा आहे. स्ट्रीमिंगच्या बहुतेक कंपन्यांनी तो ट्रॅक चढवलाच नाही, मग ऐकणारे मोजणार कुठून? जिथे चढवला, उदाहरणार्थ २०१९ मध्ये सुरू झालेल्या क्रायटेरियनच्या स्वतःच्या चॅनलवर, तिथे तो आजही आहे. दूरचित्रवाणीवाल्यांनी तर डिस्कची वाटसुद्धा पाहिली नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चे रोनाल्ड मूर २००५ पासून भागागणिक कॉमेंटरी पॉडकास्ट म्हणून देत होते, आणि लोक ती डाउनलोड करून, मालिकेशी वेळ जुळवून ऐकत. नको असलेल्या गोष्टीसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही.

मराठीत मात्र ही चर्चा करण्याचीही वेळ आली नाही. आपले चित्रपट घरोघरी पोचले ते मुख्यतः व्हीसीडीवर, आणि तिथे जागा नव्हती असं सांगितलं जातं. कॅराओकेच्या व्हीसीडीवर डाव्या वाहिनीत एक आणि उजवीत दुसरं असे दोन आवाज सर्रास भरले जात. हेव्हर यांच्यासाठी १९८४ साली जी युक्ती केली ती इथेही करता आली असती. कुणाला सुचलं नाही, किंवा आपल्या दिग्दर्शकाचं बोलणं कुणी ऐकेल असं वाटलं नाही. सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी ‘दोघी’, ‘अस्तु’, ‘कासव’ केले. दोघांनी मिळून एक चित्रपट दिग्दर्शित करायचा म्हणजे सेटवर नेमकं काय करायचं, कुठल्या शॉटवर मतभेद झाले, संकलनात कुणी माघार घेतली, हे चित्रासमोर बसून दोघांच्या आवाजात ऐकायला मिळालं असतं. तसा ट्रॅक निदान माझ्या पाहण्यात नाही. सुकथनकर आहेत, चित्रपट आहेत, आणि या कामाला चित्रपटाच्या लांबीहून फार जास्त वेळ लागत नाही.