जुनीं घरखरेदीखतें व मालकीची साखळी

संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या मोडी कागदांत घरांचीं व जागांचीं खरेदीखतें विपुल असतात. राजकीय पत्रांपुढें त्यांस कोणी विचारीत नाहीं. एखाद्याचें अक्षर बरें असेल किंवा शिक्का उमटला असेल, तर तेवढें पान काढून घेतलें जातें व बाकीचें पुडकें रद्दीच्या वाटेस लागतें. असें सुटें झालेलें खत निम्मेंअधिक मुकें होतें.

खरेदीखत म्हणजे मालकी नव्हे. अमक्यानें तमक्यास घर विकलें, इतकेंच तें सांगतें. विकणाराजवळ विकण्याजोगा हक्क होता कीं नाहीं, हें त्याच्या आधींच्या कागदांनीं सांगावयाचें. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें मानलीं तीं यासाठींच. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं लिहिणारा विज्ञानेश्वर मिताक्षरेंत एक जुनें वचन देतो: गांव, ज्ञाति, सामंत म्हणजे शेजारी, व दायाद यांची अनुमति, शिवाय सोनें व उदक, अशा सहा गोष्टींनीं भूमि दुसऱ्याकडे जाते. त्यावरील त्याचा उलगडा घर घेऊं पाहणारानें आजही वाचावा. गांवाची अनुमति व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची, सीमेचा तंटा उठूं नये म्हणून. विभक्त भाऊबंदांची अनुमति खरें पाहतां आवश्यक नाहीं. पण हे विभक्त कीं अविभक्त, हा संशय पुढें निघूं नये यासाठीं तीही घ्यावी. सोन्याचें व पाण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. स्थावराचा विक्रय निषिद्ध, म्हणून विक्रीस दानाचा वेष चढवावयाचा!

पेशवाईंतील खतें याच दृष्टीनें वाचावीं. चतुःसीमा सांगतांना शेजाऱ्यांचीं नांवें येतात, तीं निव्वळ दिशा दाखविण्यासाठीं नव्हेत. भाऊबंदांनीं हिलाहरकत केल्यास विकणारानें निवारण करावें, या अर्थाचें कलम म्हणजे दायादांविषयींची तीच भीति होय. कालाची पारखही सांभाळून करावी. शके १६९० सर्वधारी, या वर्षीं मृगानंतरच्या कागदावर सुहूर सन तिस्सा सितैन मया व अलफ (११६९) हवा. परंतु त्याच शकाच्या चैत्रांतील कागदावर समान सितैन (११६८) दिसेल. एवढ्यावरून खत बनावट ठरवूं नये.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराच्या विक्रीस नोंदलेलें खत लागूं लागलें. १९०८ चा नोंदणीचा कायदा प्रसिद्धच आहे. तरी नोंदणी कामगार विकणाराची मालकी तपासून देत नाहीं. गांवाच्या अनुमतीनें साधणारी प्रसिद्धि तेवढी नोंदणीनें साधते. म्हणूनच खरेदीदार आजही मागील तीस वर्षांचा शोध घेववितो, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतो, वारसांच्या सह्या घेतो.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमानें तीस वर्षांच्या जुन्या दस्तास खरेपणाचें अनुमान दिलें, पण तो योग्य ताब्यांतून आला असला तरच. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ९२ व्या कलमांतही ही अट कायम आहे. घराच्या दप्तरांतून निघालेलें खत व बाजारांत विकत घेतलेलें तेंच खत यांचें वजन त्यामुळें सारखें राहत नाहीं. इतिहासाच्या कामींही तें सारखें नसतें, असें आमचें मत आहे. निदान पुडकें सोडण्यापूर्वीं कागदांचा मूळ क्रम टिपावा, कोणत्या वाड्यांतून तें आलें हें वेष्टनावर लिहावें, आणि खताबरोबरच्या वांटणीच्या यादी, गहाणखतें व पावत्या, कितीही क्षुल्लक दिसोत, त्याच बासनांत ठेवाव्या.