सात राष्ट्रांचे एक विमान

लष्करी वाहतूक विमानाच्या विकासाचा खर्च प्रचंड, पण एकेका देशाची गरज मात्र मोजक्याच विमानांची, या विषम हिशेबामुळे पश्चिम युरोपातील राष्ट्रे अशा विमानांसाठी एकत्र येऊ लागली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी १९५९ मध्ये हाती घेतलेल्या ‘ट्रान्साल सी-१६०’ने १९६३ मध्ये उड्डाण केले. त्याची जागा घेणाऱ्या विमानाचा विचार १९८२ मध्ये चार कंपन्यांच्या अभ्यासगटात सुरू झाला, परंतु त्यांतील अमेरिकेची लॉकहीड १९८९ मध्ये बाहेर पडली आणि पुढे हा प्रकल्प पूर्णपणे युरोपीय झाला.

‘ऑकार’ या शस्त्रसामग्रीविषयक संयुक्त युरोपीय संस्थेने मे २००३ मध्ये या प्रकल्पातून आकाराला येणाऱ्या १८० ‘ए-४०० एम’ विमानांचा करार केला. त्यांत जर्मनीची ६०, फ्रान्सची ५०, स्पेनची २७, ब्रिटनची २५, तुर्कस्तानची १०, बेल्जियमची ७ आणि लक्झेंबर्गचे १ विमान होते. विकास आणि उत्पादन यांसाठी मिळून सुमारे २० अब्ज युरोंची किंमत आधीच ठरवली गेली, त्यामुळे न घडवलेल्या विमानाची जोखीम मुख्यतः निर्मात्या एअरबसवर आली, तर कामाची वाटणी मात्र प्रत्येक देशाच्या मागणीकडे पाहून झाली.

इंजिनाच्या निवडीत हा विरोधाभास उघड झाला. कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीचा प्रस्ताव बाजूला सारून, राजकीय आग्रहामुळे, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व स्पेन येथील कंपन्यांच्या संघाला नवे टर्बोप्रॉप, म्हणजे गॅस टर्बाइनच्या शक्तीवर पंखा फिरवणारे इंजिन, बनवण्याचे काम मिळाले. सुमारे ११,००० अश्वशक्तीच्या या इंजिनाच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र मिळण्यास विलंब झाल्याने पहिले उड्डाण लांबले आणि ते ११ डिसेंबर २००९ रोजी सेव्हिल येथे झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात, या सात देशांबाहेरचा ग्राहक असलेल्या दक्षिण आफ्रिकेने आपली ८ विमानांची मागणी रद्द केली होती. २०१० मध्ये ग्राहक देशांनी ३.५ अब्ज युरोंचे जादा साहाय्य मान्य केले, तर जर्मनी आणि ब्रिटन यांनी मागणी घटवल्याने एकूण संख्या १७० वर आली. फ्रान्सला २०१३ मध्ये पहिले विमान मिळाले, मात्र मे २०१५ मध्ये सेव्हिलजवळील चाचणी-उड्डाणात एक विमान कोसळून चौघांचा मृत्यू झाला.

सुमारे ३७ टन भार वाहून कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकणारे हे विमान तांत्रिकदृष्ट्या समर्थ ठरले. तथापि, सहकार्यात खर्चाइतकीच जोखीमही वाटून घ्यावी लागते आणि ती टाळून ठरवलेली किंमत टिकत नाही, हाच या प्रकल्पाच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.