धरणाचा तळ कोणत्या नकाशात सापडतो?

जालना जिल्ह्यातल्या एका श्रोत्याने प्रश्न पाठवलाय. त्यांना मासेमारीसाठी जीपीएसवाला फिशफाइंडर घ्यायचाय आणि त्यात तलावाचा डिजिटल नकाशा हवाय. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? प्रश्न खरेदीचा आहे, पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. कारण ही सॉफ्टवेअर ज्या तलावांसाठी तयार झाली ते तलाव वेगळे आणि आपले वेगळे.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात डोंगराभोवती काढलेल्या समोच्च रेषा आठवतात? त्या रेषा आधी डोंगरावर नव्हे, पाण्याखाली काढल्या गेल्या. १५८४ साली पीटर ब्रुइन्स या डच मोजणीदाराने स्पार्ने नदीच्या नकाशात सात फूट खोलीची रेषा आखली. जहाज कुठे रुतेल आणि कुठून जाईल, हे कळावं म्हणून. पुढे अठराव्या शतकात क्रुक्वियस या डच अभियंत्याने मेर्वेडे नदीचा तळ अशाच रेषांनी दाखवला. पद्धत साधी: दोरीला शिशाचं वजन बांधायचं, पाण्यात सोडायचं, तळ लागला की दोरी मोजायची. आपल्याकडे विहीर परसात मोजतात, तसंच.

मग आलं स्कॉटलंड. १८९७ ते १९०९ या काळात सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांच्या चमूने ५६२ तलाव मोजले, सुमारे ६०,००० ठिकाणी वजन सोडून. लॉरेन्स यांचा तरुण मुलगा फ्रेडरिक या कामात मरे यांच्याबरोबर सुरुवातीपासून होता. १९०१ च्या फेब्रुवारीत एका तलावावरचा बर्फ फुटला, लोक पाण्यात पडले. त्यांना वाचवताना फ्रेडरिक बुडाला. वडिलांनी ते काम थांबू दिलं नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १९५० च्या दशकाच्या शेवटी लोरान्स कंपनीने हौशी मासेमारांसाठी सोनारची छोटी पेटी बाजारात आणली. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, त्यामुळे प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. १९८४ मध्ये इटलीत नॅव्हिओनिक्स सुरू झाली आणि सागरी नकाशा पडद्यावर आला. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी जागा एकदम दहा-पंधरा मीटरवर आली. तेव्हापासून सोनार आणि जीपीएस ही जोडी साध्या बोटीतही खऱ्या अर्थाने उपयोगी झाली.

आता लक्ष द्या. स्कॉटलंडचे किंवा मिनेसोटाचे बहुतेक तलाव नैसर्गिक, हिमनद्यांनी कोरलेले. त्यांची पातळी वर्षभरात फारशी हलत नाही. म्हणून तिथल्या नकाशावर '२० फूट' छापलं की ते बरीच वर्षं चालतं. तयार नकाशाची कार्डं विकणारा धंदा याच गृहीतकावर उभा राहिला.

जालन्यात हे गृहीतक पहिल्याच उन्हाळ्यात कोसळतं. आपल्याकडे तलाव म्हणजे बहुतेक वेळा बांध घालून अडवलेली नदी. कुंडलिकेवरचा निजामकाळातला घाणेवाडी तलाव घ्या, सोमठाण्याचा अप्पर दुधना घ्या, भोकरदनचे जुई आणि धामणा घ्या. जालना शहर ज्याचं पाणी पितं तो पैठणचा नाथसागर तर सगळ्यात बोलका. तो पूर्ण भरला की पातळी १,५२२ फूट, हा आकडा मराठवाड्यात पोरासोरांनाही पाठ असतो. मृतसाठ्याची पातळी त्याच्या साधारण २७ फूट खाली. म्हणजे ऑक्टोबरात ज्या जागी २० फूट पाणी होतं, तिथे वाईट वर्षाच्या मे महिन्यात शेळ्या चरत असतात. नकाशा चूक नसतो, त्यावर तारीख नसते.

म्हणून माझ्या मते आपल्याकडे खोलीचा नकाशा काढूच नये, तळाच्या उंचीचा काढावा. हिशोब एका वजाबाकीचा आहे. समजा आज धरणाची पातळी १,५२० फूट आहे आणि सोनार २० फूट दाखवतंय. तर तळ १,५०० फुटांवर. हा आकडा जपून ठेवायचा. उद्या पातळी १,५०५ झाली की तिथे पाच फूट पाणी, हे घरबसल्या कळेल. रोजची पातळी धरणावर नोंदवली जातेच.

तळाची माहिती आणायची कुठून? तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे धरणाआधीचे नकाशे. आपल्या जलाशयांचा तळ कधीतरी शेतजमीन होता. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ ला झाली. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यांत गोदावरी अजून मोकळी वाहते. जुनं पात्र, गावं, रस्ते दिसतात. पण उंचीसाठी असे नकाशे फार जाडेभरडे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवरही समोच्च रेषा बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे नाथसागराचा सगळा चढउतार दोन रेषांमधल्या अंतरापेक्षाही कमी.

दुसरी जागा आपल्या दुष्काळाने तयार करून ठेवलीय. पाणी उतरतं तेव्हा प्रत्येक दिवशीचा काठ ही त्या पातळीची समोच्च रेषाच असते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं दर काही दिवसांनी मोफत मिळतात. लँडसॅटचा साठा १९७२ पर्यंत मागे जातो. ढग नसलेल्या तारखांची चित्रं घ्या, काठ आखा, त्या दिवशीची पातळी लिहा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरच्या रांगा पाहिल्या, त्याच महिन्यांत उपग्रहाने उघडे पडलेले तळ टिपून ठेवले.

तिसरी जागा तुमचं सोनार. जिथे पाणी कधीच आटत नाही तो डोह फक्त त्यालाच दिसेल.

आता सॉफ्टवेअर. गार्मिनचं क्विकड्रॉ आणि हमिनबर्डचं ऑटोचार्ट लाइव्ह ही यंत्रावरच नकाशा काढतात. रीफमास्टर संगणकावर चालतं, सोनारच्या साठवलेल्या नोंदी वाचतं आणि पातळीची दुरुस्तीही करू देतं. क्यूजीआयएस मोफत आहे, शिकायला वेळ लागतो, पण उपग्रहाचे काठ आणि सोनारचे बिंदू एकत्र बसवायला उत्तम. नाव कोणतंही असो, दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. बदललेली पाणीपातळी यात भरता येते का? नोंदी मेमरी कार्डवर उतरवून दुसरीकडे उघडता येतात का? मी बाहेर काढलेल्या खुणा यंत्रात परत टाकता येतात का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर घ्या. 'यात हजारो तलाव तयार आहेत' या वाक्यावर पैसे देऊ नका. त्या यादीत धामणा आहे का, ते आधी बघा.

एक सावधगिरी. बोटीच्या दोन फेऱ्यांच्या मधला भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बुडालेली विहीर, बाभळीचं खोड, पडक्या वाड्याची भिंत त्या गुळगुळीत रंगात पुसली जाते. जाळं अडकतं आणि माणूस बुडतो तो नेमका तिथेच. या जागा भोई समाजातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. त्यांच्याबरोबर बसून एकेक खूण यंत्रात टाका. आणि पाण्यात उतरण्याआधी मच्छिमार सोसायटी आणि जलसंपदाच्या शाखा कार्यालयाला विचारा, कारण तलावाचा ठेका बहुधा सोसायटीकडे असतो.

हे सगळं फक्त माशासाठी नाही. आज काढलेला तळ आणि दहा वर्षांनी काढलेला तळ यांची वजाबाकी म्हणजे साचलेला गाळ. घाणेवाडीचा गाळ जालनेकरांनी लोकवर्गणीतून काढलाय, पण कुठे किती आहे हे आधी कळलं तर डिझेल वाचतं. उन्हाळ्यात कटला-रोहूची पिल्लं कोणत्या डोहात तगतील, हेही त्याच आकड्यांत असतं. म्हणून नकाशा काढलात तर सोसायटीला एक प्रत द्या, आणि कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवशीची पातळी लिहायला विसरू नका.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या गावच्या तलावाखाली काय बुडालंय, ते मला नक्की लिहून कळवा.