लाकडी चमचा आणि चार याद्या : गर्भवतीच्या निवडीचा एक इतिहास

१/ १९५३ साली शिकागोतील एका प्रसूती रुग्णालयात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भपात टळावा म्हणून त्या काळी अमेरिकेत गर्भवतींना डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक दिले जाई. सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना हे औषध आणि उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. निष्कर्ष स्पष्ट होता : औषधाने गर्भपात टळत नव्हता.

२/ तरीही ते पुढे जवळजवळ दोन दशके लिहून दिले गेले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध त्यांच्या मातांनी गर्भारपणी घेतलेल्या या औषधाशी जोडला. तेव्हा कुठे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा दिला. औषध निरुपयोगी असल्याची माहिती अठरा वर्षे छापील स्वरूपात पडून होती.

३/ म्हणजे उणीव माहितीची नव्हती. नियतकालिकांत शेकडो लेख होते, प्रत्येक तज्ज्ञाचे मत होते, प्रत्येक रुग्णालयाची रीत होती. यांतले भक्कम काय आणि केवळ सवयीचे काय, हे निवडून सांगणारे कोणी नव्हते. सल्ल्यांच्या गर्दीत गर्भवतीच्या वाट्याला मान डोलावणे तेवढे उरे.

४/ या गर्दीवर बोट ठेवले आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी. १९७२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आग्रह धरला की, उपचाराची पारख चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या चाचण्यांनीच व्हावी. १९७९ मध्ये त्यांनी प्रत्येक वैद्यकशाखेने अशा साऱ्या चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा तयार करून तो वेळोवेळी अद्ययावत का ठेवला नाही, असा सवाल केला.

५/ केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्याला पूर्वी थट्टेने लाकडी चमचा दिला जाई. पुराव्याची सर्वाधिक उपेक्षा करणारी शाखा म्हणून कॉक्रेन यांनी हा चमचा प्रसूतिशास्त्राला बहाल केला!

६/ हा टोमणा वाया गेला नाही. १९७८ मध्ये ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचे पहिले संचालक इयान चाल्मर्स यांनी गर्भारपण व बाळंतपणावरील चाचण्या धुंडाळून एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. १९८९ मध्ये मरी एन्किन आणि मार्क कीर्स यांच्यासह त्यांनी संपादित केलेला दीड हजारांहून अधिक पानांचा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदल्या वर्षीच निधन पावलेल्या कॉक्रेन यांची प्रस्तावना त्यात होती. तीत त्यांनी लाकडी चमचा परत घेतला.

७/ ग्रंथाचे खरे सामर्थ्य अखेरच्या चार याद्यांत होते : हितकारक ठरलेले उपाय, आशादायक वाटणारे उपाय, परिणाम अज्ञात असलेले उपाय आणि सोडून द्यावेत असे उपाय. बाळंतपणापूर्वी सरसकट केस काढणे आणि एनिमा देणे या रुग्णालयीन रीती चौथ्या यादीत गेल्या. सामान्य वाचकालाही पेलेल अशी संक्षिप्त आवृत्ती त्याच वर्षी निघाली. ‘आम्हांला ठाऊक नाही’ असे सांगणारी तिसरी यादी ही तर वैद्यकाची दुर्मीळ प्रांजळता होती.

८/ पहिल्या यादीतील एक उपाय विशेष गाजला. अकाली प्रसूतीची लक्षणे दिसताच मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे ऑकलंड येथील चाचणीने १९७२ मध्येच दाखवले होते. पुढच्या लहान चाचण्या सुट्या पाहिल्या तर संभ्रमात टाकत. एकत्र मांडल्यावर मात्र लाभ निर्विवाद दिसे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन कोलॅबोरेशनच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या रेषा कोरल्या आहेत.

९/ मग पुरावा छापून हाती दिला की निवड साधते का? ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात गर्भवतींसाठी पुराव्याधारित माहितीपत्रके निघाली. वेल्समधील त्यांच्या वापराचे अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निष्कर्ष निराशाजनक होता. पत्रके इतर कागदांच्या गठ्ठ्यात हरवत, सुईणींना बोलायला वेळ नसे आणि स्त्रिया बहुधा रुग्णालयाला सोयीचा पर्यायच स्वीकारत. निवडीचे नाव होते, पण घडत होता तो होकार.

१०/ आणखी एक धडा नागपूरशी जोडलेला आहे. स्टिरॉइडचा लाभ ग्रामीण भागापर्यंत न्यावा म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव. निष्कर्ष अनपेक्षित निघाला : नवजात मृत्यू घटले तर नाहीतच, उलट एकूण बाळांमध्ये ते वाढलेले आढळले. इंजेक्शन मिळालेल्या अनेकींची प्रसूती मुळात अकाली नव्हतीच. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून केलेल्या चाचणीत मात्र लाभ पुन्हा सिद्ध झाला.

११/ औषध तेच, पण कोणाला, कोठे आणि कोणत्या सोयींसह दिले, यावर त्याचे फळ बदलले. गोषवारा वेळोवेळी अद्ययावत हवा, हा कॉक्रेन यांचा आग्रह म्हणूनच आजही जुना झालेला नाही.

१२/ या इतिहासातून गर्भवतीच्या हाती येते ते सारे काही वाचून काढण्याचे ओझे नव्हे. हाती येतात ते मोजके प्रश्न : हा उपाय कशासाठी? त्याने लाभ होतो हे कोणत्या स्त्रियांमध्ये तपासले गेले? धोका कोणता? आणि तो केलाच नाही तर काय होईल? हे प्रश्न शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर किंवा परिचारिका समोर असणे, हा उत्तराचाच अर्धा भाग असतो. १९५३ नंतरच्या त्या अठरा वर्षांत उणीव नेमकी याच संवादाची होती.