शेवटच्या गाडीचा वेग

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तोवर पुण्यातल्या कितीतरी येझदी वाड्याच्या बोळात, जिन्याखाली, सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेल्या होत्या. विकायला मन होत नव्हतं आणि चालवायला पार्ट मिळत नव्हते. पुढे काही वर्षांनी त्या ताडपत्र्या एकेक करून निघू लागल्या, आणि आमचा क्लब तिथून सुरू झाला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कार्बोरेटर, स्पीडोमीटरची काच, सायलेन्सर धुंडाळणारी तीच तीच माणसं एकमेकांना दिसायची. आधी ओळख झाली, मग पार्टची देवाणघेवाण. एका रविवारी कुणीतरी म्हणालं, नुसते पार्ट काय गोळा करताय, गाड्या बाहेर काढा. पुढच्या रविवारी काढल्या.

ही गाडी जिने पाहिली नाही त्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाची मोटारसायकल १९६१ पासून म्हैसुरात बनू लागली. १९७३ पासून तीच येझदी झाली. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक व गियर यांचा एकच दांडा: किक मारून गाडी चालू झाली की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा आणि त्यानेच गियर टाकायचे. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हाताने घालायचं, लिटरला साधारण चाळीस मिली. १९८५ च्या सुमारास १०० सीसीच्या कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी धाटणीच्या गाड्या आल्या आणि नोकरदार माणूस तिकडे वळला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण येझदीचा ठोका ज्याच्या कानात बसला, त्याला दुसरी गाडी पटली नाही हेही तितकंच खरं.

सुरुवातीच्या रपेटी लोणावळ्याकडे व्हायच्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकच्या आणि एसटीच्या गर्दीत पन्नास-साठच्या वेगाने जाणाऱ्या म्हाताऱ्या गाड्या. त्यात ना गप्पा, ना रस्ता, ना मजा. म्हणून आम्ही सासवडची वाट धरली, आणि आजही क्लबची हक्काची वाट तीच आहे. हडपसर मागे टाकून दिवेघाट चढायचा. वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसतो. सासवडला चहा. मग नारायणपूरचा रस्ता, एका अंगाला पुरंदरचा डोंगर आणि दोन्हीकडे अंजीर, सीताफळ, थंडीत वाटाणा. कापूरहोळला सातारा हायवे ओलांडला की पुन्हा शांतता, भोर, आणि तिथून आंबवड्याचा संस्थानकाळातला झुलता पूल. परत येईपर्यंत दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात. सातारा हायवेशी संबंध काय तो ओलांडण्यापुरता.

या वाटेवरच्या एका रविवारने क्लबला आजचं वळण लावलं. सगळे आपापल्या वेगाने निघालो होतो. भोरला मिसळ मागवली, तेव्हा एक जण कमी असल्याचं लक्षात आलं. फोन लागेना. तासाभराने तो टेम्पोतून आला, मागे कांद्याच्या गोण्यांना टेकून त्याची गाडी बांधलेली. नारायणपूरच्या पुढे उतारावर इंजिन सीझ झालं होतं. तो रस्त्याच्या कडेला बसून होता आणि पुढे गेलेल्यांपैकी कुणालाच पत्ता नव्हता. तो काही बोलला नाही. आमचे मिस्त्री मात्र, म्हणजे ज्यांच्या गॅरेजमध्ये आमच्या निम्म्या गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या, हातातली वाटी खाली ठेवून म्हणाले, “पुढच्या वेळेपासून मी सगळ्यात मागे. माझ्या मागे कुणी राहणार नाही.”

क्लबची खरी स्थापना मी त्या दिवशी झाली असं मानतो. त्यानंतर वर्गणी आली, टी-शर्ट आले, पण पाया तोच. सर्वांत पुढे लीड, म्हणजे वाट जाणणारा. सर्वांत मागे स्वीप, म्हणजे मिस्त्री किंवा त्यांनी तयार केलेलं कुणीतरी, सोबत हत्यारं, प्लग, क्लच केबल, चेनची कडी. मधल्यांना कसं सांभाळायचं, तर फाट्यावर माणूस ठेवून. रस्ता फुटला की लीडच्या लगेच मागचा माणूस तिथे गाडी कडेला लावतो, हात लांब करून प्रत्येकाला वाट दाखवतो आणि स्वीप दिसेपर्यंत जागा सोडत नाही. स्वीप आली की तिच्या पुढे लागून पुन्हा रांगेत. पुढच्या फाट्यावर आता जो लीडच्या मागे आला आहे, तो थांबतो.

ऐकायला साधं वाटतं, पण याने रपेटीचा स्वभाव बदलला. पुढची गाडी नजरेआड झाली तरी जीव खाली-वर होत नाही, कारण फाट्यावर आपला माणूस असणार हे ठाऊक असतं. मग गाठण्यासाठी वळणावर गाडी रेटायची गरजच उरत नाही. गटाने जाताना बहुतेक अपघात या गाठण्याच्या घाईतून होतात, असं माझं ठाम मत आहे. सरळ रस्त्यावर आम्ही दोन ओळींत नागमोडी चालतो, एक उजवीकडे, पुढचा डावीकडे. वळणं सुरू झाली की एकेरी रांग. गावात हॉर्न नाही, शर्यत नाही, चालत्या गाडीवर मोबाइलने चित्रीकरण नाही. या शेवटच्या नियमावरून दोघा-तिघांनी क्लब सोडला. ते गेले याचं वाईट वाटलं, नियमाचं वाटलं नाही.

त्या सीझ झालेल्या इंजिनाची गोष्ट नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगितली जाते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. लांब उतारावर गियरमध्ये गाडी ठेवून थ्रॉटल मिटून बसलं की इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही नाही. पिस्टन कोरडा तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. परतीच्या वाटेवर दिवेघाट उतरताना म्हणूनच आमच्या रांगेतून अधूनमधून थ्रॉटल उघडल्याचे आवाज येतात. लोकांना ते शायनिंग वाटतं. ती इंजिनाला दिलेली घोटभर ऑइलची सोय असते. धरलंच इंजिन, तर घाबरून किक मारत सुटायचं नाही. गार होऊ द्यायचं, प्लग काढून थोडं ऑइल सोडायचं, दांडा हाताने हळू दाबून पाहायचा. मिस्त्री हे करताना नवी पोरं गोल करून उभी असतात, आणि दर वेळी त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातात ते पाना देतात.

आषाढी वारीत माउलींची पालखी दिवेघाट चढते, त्या आठवड्यात आम्ही त्या रस्त्याला जात नाही, रस्ता वारकऱ्यांचा. जुलैचा दुसरा रविवार देशभरातले जावा-येझदीवाले जावा दिवस म्हणून पाळतात. तो पालखीच्या दिवसांत आला, तर आम्ही मुळशीकडे वळतो.

२०१८ च्या नोव्हेंबरात नवी जावा बाजारात आली. फोर-स्ट्रोक, बटणस्टार्ट, पिथमपूरची. या गाड्यांना क्लबात घ्यायचं का, यावर बराच वाद झाला. जुन्यांपैकी काहींना ते अजिबात मान्य नव्हतं. शेवटी घेतलं, अट एकच: निघताना जुन्या गाड्या लीडच्या मागे, नव्या त्यांच्या मागे, आणि वेग जुन्यांचा. आज त्या नव्या गाड्यांवरची मुलंमुली फाट्यावर सर्वांत चोख उभी राहतात. एका सभासदाच्या मुलीने तर वडिलांची येझदी रोडकिंग चालवायला घेतली आणि गेल्या हिवाळ्यापासून स्वीपची हत्यारपेटी तिच्याकडे आहे.

अडचणी आहेतच. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीसाठी त्याचं शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं होतं. पर्यावरण कर वेगळा. त्याहून मोठी काळजी पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची. जुने रबरी वॉशर आणि पाइप त्याने लवकर खराब होतात, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाक्या उघडल्यावर काय दिसतं, ते आम्ही पाहिलं आहे. म्हणून आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करायचा, हा सल्ला सगळ्यांना दिला जातो. नवे पाइप एकत्र मागवले की स्वस्त पडतात, तेही सुरू केलं आहे.

संख्या वाढल्यामुळे यंदापासून दोन तुकड्या केल्या आहेत. वीस मिनिटांच्या अंतराने निघतात, प्रत्येकीला आपली लीड आणि आपली स्वीप. पावसाळा सरला की भोरच्या पुढे वरंधा घाटातून महाडपर्यंत जावं, अशी बऱ्याच जणांची इच्छा आहे. त्या घाटात दरडी कोसळतात, रस्ता कधी बंद असतो. मिस्त्री आणि दोघे जण आधी स्वतः जाऊन घाट पाहून येतील. त्यांनी होकार दिला तरच तारीख कळवली जाईल.