कानात खिळा असलेली बंदूक

कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक ठासणीची बंदूक आहे. खंडेनवमीला ती खाली काढायची, पुसायची, हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहायचे आणि पुन्हा गोणपाटात गुंडाळून वर ठेवायची, एवढाच तिचा आमच्याशी संबंध. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती कोणाकडे जावी हा प्रश्न निघाला. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मला द्या. घासून चकचकीत करतो, नवा दस्ता बसवतो, चाप चालता करतो आणि दिवाणखान्यात लावतो. खाली पाटी : पानिपतची बंदूक."

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती आहे. पण जुनी वस्तू 'पूर्ववत' करणे म्हणजे नेमके काय, हा त्यातला खरा प्रश्न आहे. पूर्ववत म्हणजे कोणत्या 'पूर्वी'सारखी?

प्रथम पानिपताविषयी. आमची बंदूक टोपीची आहे. नळीच्या मागच्या टोकाशी एक बारीक बोंडी असून तिच्यावर स्फोटक द्रव्याची तांब्याची टोपी बसवीत. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाई. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याची ही युक्ती फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आपल्या नावे नोंदवली आणि टोपी त्यानंतर प्रचारात आली. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तेव्हा आजच्या रूपातली ही बंदूक पानिपतावर असणे अशक्य आहे. मात्र एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या असंख्य बंदुकांना टोपीची कळ बसवण्यात आली. आमच्या बंदुकीच्या चापावरील पट्टीत बुजवलेली दोन भोके दिसतात. ती जुन्या कळीची असतील, तर नळी टोपीपेक्षा जुनी ठरते. यातून पानिपत सिद्ध होत नाही; पण भोके घासून सपाट केली, तर शक्यता तपासण्याचा मार्गच बंद होतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यामागे भक्ती होती, परिश्रम होते, आणि त्या शुद्धीकरणाचे ऋण आपण मानतोच. तरीही राजवाड्यांना एकनाथपूर्व प्रतीचा शोध घ्यावासा वाटला, कारण शुद्ध केलेल्या पाठात आधीच्या भाषेच्या खुणा पुसल्या जातात. बंदूक ही एकच प्रत आहे. तिचा पाठ एकदा 'सुधारला' की पडताळायला दुसरी प्रत नाही.

आणि याहून महत्त्वाची खूण पुढेच आहे. बोंडीच्या भोकात, म्हणजे बंदुकीच्या कानात, एक लोखंडी खिळा ठोकलेला आहे. तोफ निकामी करताना तिच्या कानात खिळा मारीत, तसाच. खिळा बोंडीत आहे, म्हणजे तो टोपीची कळ बसल्यानंतरचा. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. १८५७ च्या उठावाच्या वेळी सरकारने हत्यारांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी हत्यारे देण्यास नकार देऊन बंड केले आणि ते कठोरपणे मोडले गेले. पुढे लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात सामान्य हिंदी माणसाला परवाना आवश्यक झाला, युरोपीयांना मात्र सूट होती. या काळात आमच्या घरातल्या कोणीतरी बंदूक सरकारजमा करण्याऐवजी मुकी करून ठेवली असेल का? घरात कागद नाही. आत्या एवढेच सांगते, "आजोबा म्हणायचे, खिळ्याला हात लावायचा नाही." कारण त्यांनी सांगितले नाही. ते भयाचे असेल, किंवा दारू ठासलेली आतच राहिली असावी या साध्या शंकेचेही असेल.

चाप चालता करायचा तर हा खिळा काढावा लागणार. म्हणजे पानिपताचा खोटा अभिमान मिळवण्यासाठी खऱ्या मानहानीची संभाव्य खूण फेकून द्यायची. मला हे पटत नाही.

आजचा कायदाही येथे लक्षात घ्यावा लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या हत्याराला सूट आहे, परंतु ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही परवाना लागतो. तेव्हा बंदूक पोलिसांना दाखवून लेखी खुलासा घेतल्याखेरीज आणि नळीत बार शिल्लक नाही याची जाणकाराकडून खात्री करून घेतल्याखेरीज तिला कोणीही हात लावायचा नाही, एवढे आम्ही ठरवले.

भावाचा एक मुद्दा मात्र बिनतोड होता. "काहीच केले नाही तर गंज सगळेच खाईल. तो काय पुरावा राखतो?" खरे आहे. हात न लावणे हाही एक हस्तक्षेपच आहे. म्हणून वाद मिटला तो मधल्या मार्गावर नव्हे, तर वेगळ्या कामावर. प्रत्येक खुणेची छायाचित्रे व मापे घ्यायची, बंदूक ओलीपासून दूर ठेवायची, जाणकाराकडून गंज थांबवायचा. घासायचे नाही, भोके बुजवायची नाहीत, तडकलेला दस्ता बदलायचा नाही, खिळा काढायचा नाही. ती भावाकडेच राहील, पाटीही लागेल. मजकूर मी लिहून दिला : 'ठासणीची बंदूक. टोपीची कळ, बहुधा मागाहून बसवलेली. कानात खिळा, कोणी व केव्हा ठोकला, ठाऊक नाही.'

भावाने तो दोनदा वाचला. "दादा, पानिपत वाचून माणूस मान डोलावून पुढे गेला असता," तो म्हणाला, "हे वाचून प्रत्येकजण मला खिळ्याबद्दल विचारणार."

विचारू देत.